घसरगाडीच्या दांड्या

आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या मागे सात-आठ महिने एक घसरगाडी उभी होती, आणि त्या घरातल्या चौघांपैकी कोणीही तोवर बर्फ पाहिला नव्हता. फ्रीजरमधला सोडून, असं बाबा म्हणायचे. गाडी म्हटलं तरी तिला चाकं वगैरे काही नव्हती. लाल रंगाची, लांबट, उथळ, जाड प्लॅस्टिकची. लहान बाळाचा टब कोणीतरी दोन्ही टोकांनी ओढून लांब केलाय असं समजा. बर्फावरून सामान ओढून न्यायची ती. ताई तिला स्लेज म्हणायची, पण बाबांनी पहिल्याच दिवशी तिचं घसरगाडी असं बारसं केलं आणि तेच टिकलं. या गाडीबद्दल मी आजवर कोणालाच नीट काही सांगितलं नव्हतं. घरात तिचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठायची. लोकांना वाटायचं, मला चहाची फार आवड आहे.

गाडी ताईची. ताई म्हणजे मुग्धा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबांना तांजोंग पगारच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून विषुववृत्ताजवळच्या या बेटावर आलो तेव्हा ती पंधराची होती आणि मी नऊची, त्यामुळे तिला पुणं आठवायचं आणि मला फक्त पुण्याच्या गोष्टी आठवायच्या. ती विद्यापीठात बर्फाखालच्या पाण्यावर संशोधन करत होती. तीस अंश उकाड्यात बसून बर्फाचा अभ्यास, यावर बाबांचे रोज एक-दोन विनोद ठरलेले. पण ताईला हसू यायचं नाही. बर्फाच्या प्रदेशात अख्खा हिवाळा काढणारी एक तुकडी होती, आणि तिला त्या तुकडीत जायचं होतं. शाळेपासून तिला एवढंच हवं होतं, दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. उष्ण देशातून येणाऱ्यांना त्या लोकांनी एक अट घातली होती: आधी स्वतः एक हिवाळी पायपीट करून दाखवा. आपलं सामान आपण ओढायचं, ज्या गाडीवर ओढायचं ती आपण निवडायची, आपण बांधायची, आणि का निवडली, कशी वागली ते लिहून द्यायचं. बरोबर एक जोडीदार हवा. ताईने मला विचारलं नाही, सांगितलं. मी एकोणीस वर्षांची होते, पॉलिटेक्निकला सुट्टी होती, आणि ताई सांगायची ते मी करायची.

गाडी निवडायचं काम हॉलच्या फरशीवर झालं. इथे दुकानात जाऊन बघावं म्हटलं तर दुकानच नाही. मग ताईने चिकटपट्टी आणून जमिनीवर तीन आकार आखले, खऱ्या मापाचे. एक आखूड आणि रुंद, एक लांब आणि अरुंद, एक खोल पेटीसारखा. दोन आठवडे आम्ही ते आकार ओलांडत जेवायला बसत होतो. संध्याकाळी ताई तंबूची पिशवी, स्टोव्ह, इंधनाच्या बाटल्या, झोपायच्या पिशव्या असं सगळं एकेका आकारात मांडून बघायची. रुंद गाडी भुसभुशीत बर्फात तरंगते, पण माणूस चालत जाईल त्या वाटेपेक्षा ती रुंद, म्हणून दोन्ही कडांना घासत येते. खोल पेटीत सामान भरपूर मावतं, म्हणूनच ती वाईट, कारण मावतं म्हटलं की माणूस भरतो, आणि उंच भरलेली गाडी कलंडते. शेवटी लांब आणि अरुंद ठरली. आपल्या पावलांच्या चरीत ती मागोमाग येते, शहाण्या कुत्र्यासारखी, असं ताई म्हणाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्या लांब चौकटीकडे पाहून विचारलं, "आणि यात खायचं कुठे ठेवणार?" ताईने मधोमध बोट ठेवलं. जड ते तळाला आणि मधल्या जागेच्या किंचित मागे, हा नियम. आई म्हणाली, एवढीशीच जागा?

आमच्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट तेव्हा सगळ्या मजल्यांवर थांबत नसे. आम्ही आठव्यावर, लिफ्ट सहाव्यावर. गाडीचं खोकं आलं तेव्हा मी आणि ताईने ते दोन जिने उचलून आणलं आणि कॉरिडॉरमधल्या प्रत्येक दारातून कोणीतरी डोकावलं. शेजारच्या घरात दुपारी माजोंगचा डाव असायचा, त्या सोंगट्यांचा खळखळाट म्हणजे आमच्या घराचं घड्याळ. त्या दिवशी तो खळखळाट थांबला आणि चारही आज्या बाहेर आल्या. त्यांच्यातल्या एकीने गाडीत हात घालून विचारलं, बेबी कमिंग, आह? आई लाजून लाल झाली. पुढच्याच आठवड्यात भंगारवाला त्याचा भोंगा वाजवत आला आणि सोफ्यामागची गाडी बघून म्हणाला, ही मी नेतो. नंतर तो दर महिन्याला विचारायचा आणि बाबा दर महिन्याला त्याला सांगायचे, जरा थांबा, उत्तर ध्रुवावर जाऊन येऊ दे, मग घ्या.

सरावाला तांदूळ. दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या गाडीत घालून, कमरेला पट्टा बांधून, दोरीने ओढत आम्ही पहाटे जवळच्या मैदानावर फेऱ्या घालायचो. रात्री पाऊस पडून गेलेला असला की ओल्या गवतावरून गाडी बरी सरकायची. बाबा बाकावर छत्री घेऊन बसायचे आणि फेऱ्या मोजायचे, मध्येच चुकायचे आणि स्वतःच्या मनाने एक फेरी कमी धरायचे. ताई एका शब्दाने तक्रार करायची नाही. तिच्या कमरेवर पट्ट्याचे काळेनिळे वळ उठले होते, आई रात्री त्यावर खोबरेल तेल लावायची आणि काही बोलायची नाही. बोलली ती तांदळावरून. "रोज फिरवून आणता आणि मग मीच तो शिजवायचा," म्हणाली. त्या काळात आमच्या भाताला गवताचा वास येतो असं बाबांचं ठाम मत होतं. मला आजही ओल्या गवताचा वास आला की भूक लागते.

दोरीची गोची आम्हाला कळली ती कार पार्कमध्ये. हे बेट सपाट. सपाटीला दोरी उत्तम. पण उतार लागला की गाडी मागून धावत येते आणि घोट्यावर आदळते, आणि उतार आणायचा कुठून? आमच्या ब्लॉकसमोर अनेकमजली कार पार्क होता, त्याच्या रॅम्पवर रविवारी सकाळी गाड्या नसायच्या. ताई तिथून तांदूळ घेऊन उतरायला लागली आणि चौथ्या पावलाला गाडीने तिला मागून खाली पाडलं. ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, दांड्या लागतील. म्हणजे दोरी दोन ताठ नळ्यांतून ओवायची, नळ्या एकमेकींवर फुलीसारख्या ओलांडून बांधायच्या. मग गाडी आणि माणूस यांच्यातलं अंतर कायम राहतं, उतारावर गाडी अंगावर येत नाही, आणि वळताना मागोमाग वळते. खालच्या हार्डवेअरच्या दुकानात एक चिनी काका बनियनवर बसलेला असायचा. त्याच्याकडून आम्ही पाण्याच्या पाइपाच्या दोन राखाडी नळ्या घेतल्या. "फॉर व्हॉट? फिश टँक, आह?" त्याने विचारलं. ताई म्हणाली, बर्फासाठी. त्याने आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि एक जोडणी फुकट दिली.

त्या नळ्या आम्ही रॅम्पवर किती वापरल्या, किती पिरगाळल्या. बाबा एकदा त्यांच्यावर उभे राहिले. त्या वेताच्या छडीसारख्या वाकायच्या आणि परत सरळ व्हायच्या. आमच्यापैकी कोणालाही सुचलं नसतं की हेच प्लॅस्टिक थंडीत वेगळं वागतं. आयुष्यभर घाम पुसलेल्या माणसांना ते कसं सुचावं? पण ताईने कुठेतरी वाचलं आणि ती अस्वस्थ झाली. मग बाबांच्या सकाळी फिरायच्या ओळखीतले कुरियन अंकल आठवले. ते बेटाच्या पार पश्चिम टोकाला एका शीतगृहात काम बघायचे. वजा पंचवीस अंशांत मासे आणि मटार. ते म्हणाले, खुशाल आणा, एक दिवस ठेवा, आत येऊन वाकवून बघा. मात्र आतच, दाराबाहेर आणून नको. ताईचे शेवटचे चार दिवस विद्यापीठातून सुटत नव्हते. तिच्या वहीत तपासायच्या गोष्टींची यादी होती, प्रत्येकीपुढे चौकोन. दांड्या, थंडी, आत वाकवणे, असं लिहून तिने तो चौकोन माझ्या नावावर केला.

मी नळ्या नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जायचं होतं, मी गेले दुपारी तीनला. मध्ये काय झालं म्हणाल तर काही नाही. मैत्रिणींबरोबर हॉकर सेंटरमध्ये बसले होते, उसाचा रस पीत होते, कोणीतरी काहीतरी मजेशीर सांगत होतं. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, ते मी इतकी वर्षं शोधलं. तीनला पोहोचले तर सकाळी माल हलवताना कोणीतरी माझ्या नळ्या बाहेर काढून दारालगतच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. नळ्यांवरचा घाम सुकून गेलेला, हाताला कोमट. मी त्या वाकवल्या. छान वाकल्या. कुरियन अंकल त्यांच्या मल्याळीत मला मुली म्हणायचे, तसंच म्हणाले, "मोळे, याला काही अर्थ नाही. आज परत ठेव, उद्या सकाळी ये." मी हो म्हटलं. आणि नळ्या उचलून बस पकडली. दीड तासाचा प्रवास, परत उद्या तेवढाच, परवा विमान. घरी ताई कपडे गुंडाळत होती. "ठेवल्या होत्यास?" "ठेवल्या होत्या." "वाकवून पाहिल्यास?" "पाहिल्या, काही झालं नाही त्यांना." सगळी वाक्यं खरी होती. तिने पेन पुढे केलं आणि मी चौकोनात बरोबरची खूण केली. माझं अक्षर चांगलं होतं, खूणही सुबक आली.

निघायच्या आदल्या दिवशी घरभर बेसन भाजल्याचा वास होता. आईने सकाळपासून कढई चढवली होती. बेसनाचे लाडू, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी, गूळपोळ्या. दोन पिशव्या भरल्या. ताईने बाथरूमचा वजनकाटा आणून सामान एकेक करून तोललं होतं, पस्तीस किलोंवर ती एक मोजासुद्धा जाऊ देणार नव्हती. आईच्या पिशव्यांनी काटा चार किलो पुढे गेला. ताई म्हणाली, नाही.  आईने पिशव्या उचलून ओट्यावर ठेवल्या आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा परत पुसायला लागली. ताईने अर्धा तास तग धरला. मग उठली, दोन्ही पिशव्या आणून गाडीच्या तळाला, मधल्या जागेच्या किंचित मागे ठेवल्या आणि पट्टे आवळले. "तुझ्यासाठी हं," म्हणाली, "नियम मोडतेय." आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं.

आम्ही होक्काइदोला, उत्तरेकडच्या बर्फाळ जपानी बेटावर गेलो. तिथला एक वाटाड्या बरोबर होता, मोरी-सान, साठीचा, अबोल. पहिले दोन दिवस गाडी अशी चालली की ताई चालता चालता स्वतःशी हसायची. बर्फावर ती आवाजच करत नव्हती, फक्त एक बारीक सळसळ, तांदूळ निवडताना सुपात होते तशी. हौगांगच्या गवतावर जे ओझं आमचा जीव काढायचं ते इथे मागे आहे की नाही ते वळून बघावं लागायचं. बर्फ पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा आम्ही दोघी काय बोललो ते मात्र मला आठवत नाही. पट्टा आम्ही आळीपाळीने बांधत होतो. जी मागे असेल तिने गाडीच्या शेपटाला बांधलेली दोरी धरायची, उतारावर लगाम म्हणून. संध्याकाळी तंबूत ताई वहीत लिहायची: गाडी कलंडली नाही. चरीत राहते. दांड्या उत्तम. ते शेवटचे दोन शब्द तिने मला वाचून दाखवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी फार वाढली. पापण्यांवर बर्फ धरत होता. झाडीतून एक उतार होता, फार मोठा नाही, आमच्या कार पार्कच्या रॅम्पच्या तिप्पट असेल. मोरी-सान पुढे खाली जाऊन थांबले होते. ताई पट्ट्यात, मी मागे दोरी धरून. भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला. तेवढाच. डावी नळी मधोमध फुटली होती, काचेसारखी, टोकांना सुऱ्या. गाडी उजवीकडे फिरली, दोरी माझ्या हातमोज्यांतून सुटली, आणि गाडी आणि एका झाडाचा बुंधा यांच्यामध्ये ताईचा पाय आला. ती ओरडली नाही. मी पोहोचले तेव्हा ती बर्फात पडल्या पडल्या नळीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत होती. मोरी-सान धावत वर आले. त्यांनी तिचा पाय पाहिला, मग तो तुकडा घेतला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "कोल्ड. प्लॅस्टिक." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे मुद्दाम बघितलं नसेलही. ताई दातांवर दात दाबून म्हणाली, "नो. टेस्टेड. वी टेस्टेड इट." मग मराठीत, मला: "वजन जास्त झालं गं. चार किलो. मी ऐकायला नको होतं आईचं."

तेव्हा बोलायचं होतं. तिच्या आणि माझ्यामध्ये हातभर अंतर होतं आणि आजूबाजूला एवढी शांतता की कुजबुजलं असतं तरी चाललं असतं. मी तिच्या गळपट्ट्याची गाठ सारखी केली.

पुढचं मी केलं ते मी नीट केलं, एवढंच माझ्या बाजूने आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे. तंबू आणि बरंचसं सामान तिथेच झाडाला बांधून ठेवलं. फुटक्या नळ्या काढून टाकल्या. गाडीत झोपायच्या पिशव्या पसरून ताईला त्यात निजवलं, पायाला बर्फात चालायच्या काठ्यांचा आधार बांधला. मोरी-सान पुढे दोरीत, मी मागे शेपटाच्या दोरीत. प्रत्येक उतारावर मी टाचा रोवून मागे झुकायची आणि मनात म्हणायची, आता ही सुटणार नाही. चढावर पुढे जाऊन ओढायची. ती गाडी आम्ही सामानासाठी निवडली होती, लांब आणि अरुंद. माणसाच्या मापाची निघाली. दुपारी मोरी-सान थांबले आणि काही खायला आहे का म्हणाले. मी आईची पिशवी उघडली. लाडू दगड झाले होते. त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने एक फोडला आणि तिघांत वाटला. ताईने तो गालात धरला आणि डोळे मिटले. तासाभराने तिने परत हात पुढे केला. उजेड असतानाच आम्ही रस्त्याला लागलो ते त्या पिशवीवर.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि गुडघ्यात काहीतरी फाटलं होतं. हाड जुळलं, गुडघा पुरा वाकला नाही. तुकडीचं पत्र दोन महिन्यांनी आलं. ताईचा अहवाल त्यांना आवडला होता, प्रामाणिक आहे म्हणाले. अहवालात तिने लिहिलं होतं: दांड्या थंडीत तपासल्या होत्या, भार ठरल्यापेक्षा जास्त घेतला, ही माझी चूक. गुडघ्यामुळे तिला घेता येणार नाही म्हणाले. ती तांजोंग पगारला एका कंपनीत लागली. तिने आईला दोष दिला नाही, पण आईने काय झालं ते विचारलं तेव्हा जे तिला खरं वाटत होतं ते सांगितलं.  तेव्हापासून आमच्या घरातून प्रवासाला निघणाऱ्या कोणालाही आईने लाडू बांधून दिले नाहीत. साधा डबा द्यायचा झाला तरी ओट्यावरच्या लहान काट्यावर ठेवायची आणि विचारायची, "हे जड नाही ना होणार?" मी तिला लाडवांनीच आम्हाला तारलं ते सांगितलं होतं. दहादा सांगितलं. ती मान हलवायची. तिला वाटायचं, मी तिची समजूत घालतेय. आई जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये ती एकदा मला म्हणाली, मुग्धाच्या पायाचं माझ्याकडून झालं. मी तिचा हात धरला होता. तेव्हाही मी बोलले नाही. आता लिहितेय त्यातलं हे सगळ्यात अवघड वाक्य होतं, ते लिहून झालं.

ताई आता सेंगकांगला राहते. तिच्या खिडकीखालून एलआरटीची छोटी रेल्वे जाते, जाताना शीळ घातल्यासारखा आवाज करते. तिची मुलगी इरा वीस वर्षांची आहे, आणि रक्तात असतं म्हणतात तसं तिलाही मैत्रिणींबरोबर हिवाळी पायपिटीला जायचंय. मावशी, स्लेज सिलेक्ट करायला ये ना, म्हणाली. गेले. हॉलच्या फरशीवर ताईने तीन आकार आखून ठेवले होते, चिकटपट्टीने. मी दारातच थांबले. ताई खुर्चीवर बसून, पाय लांब करून, काठीने दाखवत होती: जड ते तळाला. मधल्या जागेच्या किंचित मागे. आणि वजन ठरवलं की ठरवलं, कोणाच्याही प्रेमाखातर चार किलो वाढवायचे नाहीत. इरा हसली. "नो आजी'ज किलर लाडू, लाह," म्हणाली. तिच्या घरातला जुना विनोद असावा, सहज म्हणाली ती. मला सवयीने चहाला उठावंसं वाटलं. उठले नाही. त्या आकारांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, ताई, लाडवांनी काही झालं नव्हतं. आणि तीन वाजता पोहोचल्यापासून बरोबरच्या खुणेपर्यंत सगळं सांगितलं. उसाच्या रसासकट.

 माझं सांगून संपलं तेव्हा एक एलआरटी गेली, मग दुसरी. मग ताई म्हणाली, "आईला सांगायला हवं होतंस." तिच्या पायाबद्दल, तुकडीबद्दल एक अक्षर नाही. काठी टेकत ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. इरा माझ्याकडे बघत होती, मग तिने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि तीही आत गेली.

तीन आठवडे ताईने फोन उचलला नाही. मी इराला कळवलं की दांड्या मी तपासून आणणार. या वेळी ॲल्युमिनियमच्या आहेत, त्या फुटत नाहीत म्हणतात, पण त्यांच्या जोडण्या प्लॅस्टिकच्या. कुरियन अंकल कधीच निवृत्त झाले. चार ठिकाणी नकार ऐकून पाचव्या शीतगृहाने हो म्हटलं, तेही पश्चिमेलाच. नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ होती, साडेआठला गेले तर गेटपाशी बाकावर ताई बसली होती. काठी बाजूला, मांडीवर स्टीलचा डबा. इराने सांगितलं असणार.  तिथल्या जाड कोटांत आम्ही दोघी आत गेलो. इतक्या वर्षांत ताई पहिल्यांदाच तसल्या थंडीत येत होती. तिने मला दांड्यांना हात लावू दिला नाही. एका खोक्यावर पाय टेकून तिने स्वतः एकेक दांडी आणि एकेक जोडणी पिरगाळली, सगळा जोर लावून, कान जवळ नेऊन. काही आवाज झाला नाही.

"झालं," मी म्हणाले.

"आणखी एक दिवस ठेवायच्या," ताई म्हणाली. "तुझ्या खुणेवर माझा विश्वास नाही." मग तिने हातातला डबा दांड्यांच्या शेजारी फळीवर ठेवला. बंद झाकणातूनही मला बेसनाचा वास आला, की तसं वाटलं. "हेही राहू देत. इराबरोबर जायचेत, कसे होतात बघू."

"वजन किती भरलं?"

"केलं नाही." ती दाराकडे वळली होती. "उद्या सकाळी सात. उशीर करू नकोस."

मी सव्वासहालाच गेटपाशी उभी होते.